तिला सोसलं नसतं

७ सप्टेंबर

“तुला झालं ते बरं झालं. मालानला झालं असतं तर तिला सोसलं नसतं.”

आई हे म्हणाली तेव्हा तिची माझ्याकडे पाठ होती. ती बटाटे सोलत होती. मी कोपनहेगनहून नुकतीच परत आले होते, बावीस वर्षांची. माझं मोठं आतडं तिकडच्या इस्पितळात काढून टाकलेलं, आणि पोटाच्या उजव्या बाजूला मळासाठी पिशवी लावलेली. खिडकीतून मालान दिसत होती. माझी धाकटी बहीण, तेव्हा सोळाची. मेंढ्यांना वर हाकलायचं सोडून दगडी बांधावर बसून मोठ्यानं गाणं म्हणत होती. आई तिच्याकडे बघत बोलली. दोन भांडी पडावीत, जुनं फुटावं आणि नवं वाचावं, तेव्हा बाईमाणूस जसं बोलतं तसं.

हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहून ठेवते, कारण आज दुपारी मालानचा फोन आला.

“एल्स्पा, एक विचारते. हसू नकोस.”

“विचार.”

“रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच असते ना?”

“कधीपासून पडतंय?”

“उन्हाळ्यापासून. सारखं जावं लागतं ग. पोरांना गणितं घालते आणि वर्गातून पळते.”

“आणि आज सांगतेस?”

“ह्या विषयावर तुझ्यासमोर बोलायचं नाही, असं आहे ना आपल्या घरात,” ती म्हणाली. “मला वाटलं अजून आहे.”

मी पोटाच्या विभागात नर्स आहे. तिला काय झालंय ते मला फोनवरच कळलं. कळल्यावर आधी भीती वाटायला हवी होती. निदान इथे तरी खरं लिहावं. आधी मनात आलं ते हे: आता बघू कशी सोसते.

१६ सप्टेंबर

तपासणी झाली. तेच निघालं. माझाच आजार, मोठ्या आतड्याला आतून जखमा.

आमचे डॉक्टर तोरफिन दुर्बीण काढून झाल्यावर त्यांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या मोजणीत एक वाढवून आले. साठ सालापासून ह्या बेटांवर ज्याला ज्याला हा आजार झाला, त्या प्रत्येकाला ते हुडकून मोजतायत. पूर्वी वर्षाला दोन-तीन माणसं असायची. आता चाळिसाच्या आसपास. आम्ही फॅरो बेटांवरचे सगळे मिळून पन्नास हजारही नाही. एवढा हा आजार जगात दुसरीकडे कुठे नाही, असं तोरफिन म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा आवाज जरा ताठ होतो, गावचा फुटबॉलचा संघ जिंकल्यासारखा. का वाढतोय, रक्तात आहे की ताटात, ते मात्र त्यांनाही माहीत नाही.

संध्याकाळी आईचा फोन. “मालानकडे लक्ष ठेव ग. ती नाजूक आहे.”

नाजूक मालान मागच्या वर्षी डोंगरावरून अख्खा मेंढा खांद्यावर घेऊन उतरली होती. दोन मुलगे आहेत तिला, दोघेही दांडगे. आईचा आवाज रडून बसला होता. माझ्या वेळी आई रडल्याचं मला आठवत नाही.

२१ सप्टेंबर

रविवार. आईकडे क्वीविकला जाऊन आले. बस याकुपची. हा म्हातारा बंदराजवळच्या पेट्रोल पंपावर दर खेपेला बस थांबवतो. “सिगारेट घेतो,” म्हणतो. मी त्याला कधी सिगारेट ओढताना पाहिलं नाही. बाकीची माणसं निमूट बसून राहतात. मी आपली त्या वेळात पंपावरच्या संडासात जाऊन येते.

चर्चमध्ये मला नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकाचं दाराकडचं टोक मिळालं. चर्च गच्च भरलेलं असलं तरी एवढी एक जागा रिकामी असते, कारण दाराच्या फटीतून तिथे वारा लागतो. याकुप त्याच बाकावर असतो, तो आत सरकतो. ऊब त्याला, वारा मला. मालान पुढच्या बाकावर, आईच्या खांद्याला खांदा लावून. प्रार्थनेनंतर बायकांनी तिला गराडा घातला. ताकद ये म्हणून कुणी मटणाचं सूप सांगितलं, कुणी सांगितलं मटण सोड. मालान सगळ्यांना सगळं सांगत होती, रक्तसुद्धा. चर्चच्या पायरीवर उभी राहून.

मी बावीस वर्षांत एका शब्दानं कुणाला कळू दिलं नाही. पिशवीचं आईला, मालानला आणि इस्पितळाला सोडून कुणालाच माहीत नाही. तेवढं एक मी नीट केलं असं मला वाटत आलं.

११ ऑक्टोबर

मेंढ्या कापल्या. तळघरात सकाळपासून सगळे. मालानचा नवरा माग्नी कातडी सोलत होता, आई सुरी घेऊन टेबलाशी, मी घंगाळावर. “आतडी एल्स्पाकडे द्या,” असं आई दर वर्षी म्हणते. मीच धुते. कोमट असतात तोवर भोवतीची चरबी हातानं सोडवायची, तिचे गोळे करून वाळवायला टांगायचे, मग आतडं उलटं करायचं, मीठ लावून चोळायचं, पुन्हा धुवायचं. मला हे काम आवडतं. माझ्या बोटांना तिथे सगळं ओळखीचं लागतं.

मालान दर वर्षी परातीत रक्त ढवळते आणि ढवळताना गाते. या वर्षी ती उलट्या टबावर बसून होती. औषधाच्या गोळ्यांनी तिचे गाल फुगलेत.

“पफिन पक्ष्यासारखी दिसते ना मी?”

“पफिन बरे दिसतात,” माग्नी म्हणाला.

तिनं त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकलं. मग बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.

“केवढं असतं ग हे. संपतच नाही.”

“मेंढीचं लांबच असतं.”

“आणि आपलं?”

“आपलं कमी.”

“तुझं त्याहून कमी,” ती म्हणाली आणि हसली.

आईची सुरी थांबली. ह्या घरात हे असं कुणी कधीच बोललं नव्हतं. माग्नीनं मेंढीच्या पायात काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं तिथे डोकं घातलं.

“मालान, रक्त ढवळ,” आई म्हणाली. “गोठेल.”

मालान उठली, ढवळू लागली, आणि हळूहळू गाऊही लागली. मला राग आला. थट्टेचा नाही. महिना झाला नाही तिचा आजार निघून, आणि थट्टा करायची मोकळीक तिला मिळालीसुद्धा. ती मला कुणी का दिली नाही? मी मागितली नाही, हे खरं. पण तिनं तरी कुठे मागितली?

३ नोव्हेंबर

गोळ्यांनी भागत नाही. मालान वजनानं उतरली. आज तोरफिननी शिरेतून द्यायचं औषध सांगितलं. आठ-दहा वर्षं झाली, आम्ही ते सर्रास देतो. पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा, पुढच्या महिन्यात तिसरा, मग दर दोन महिन्यांनी.

“लागू पडलं तर आतडं वाचेल,” ते मालानला म्हणाले. “पूर्वी आम्ही इतकं खराब झालं की काढूनच टाकायचो.” म्हणाले आणि मग त्यांना आठवलं की मी खोलीत आहे.

मालाननं माझा हात धरला. तिला वाटलं मला तिच्यासाठी वाईट वाटतंय.

हे औषध मी शेकडो लोकांना दिलंय. पोरंसोरं, दर्यावर्दी, एक धर्मगुरूसुद्धा. खुर्चीत बसतात, मोबाइल बघतात, दोन तासांनी कोट घालून आतड्यासकट घरी जातात. त्यांचा हेवा वाटायचा कधीच थांबला होता. परक्यांचा हेवा विरतो. मला वाटलं होतं माझा सगळाच विरला.

१३ नोव्हेंबर

पहिला डोस. मीच सुई लावली. ती मुद्दाम माझ्या ड्यूटीची वेळ मागून घेते, हे मला आज वेळापत्रक लावणाऱ्या बाईकडून कळलं. पहिल्या तपासणीपासूनच तसं. लोकांसमोर “ही माझी बहीण” म्हणून मिरवायला बरं वाटत असेल.

सुई लावताना ती म्हणाली, “तुझा हात हलका आहे. आई म्हणते तसा.”

आई असं मला कधी म्हणाली नाही.

२७ नोव्हेंबर

दुसरा डोस. जे झालं ते क्रमानं लिहिते.

औषध सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. मालान तिच्या शाळेतल्या एका भांडणाची गोष्ट सांगत होती आणि मध्येच गप्प झाली. मालान गोष्ट अर्धी टाकत नाही. मी वळून बघितलं. मान, चेहरा लालभडक. “एल्स्पा, छातीवर कुणीतरी बसलंय.”

माझ्या हातांनी नळी बंद केली. मी केली असं म्हणता येणार नाही, हातांनी केली. प्राणवायू, इंजेक्शन, उशी खाली. तिनं माझा अंगठा इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय. “श्वास घे. माझ्याकडे बघ. आत, बाहेर. बांधावर बसून गायचीस तसा लांब घे,” मी म्हणत होते. थोड्या वेळात उतरलं.

तोरफिन दुसऱ्या रोग्याच्या तपासणीत होते. ते आले तेव्हा मालान पडून होती आणि तिच्या गालांचा रंग परतला होता. त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं.

“मी नव्हतो, तू होतीस,” ते म्हणाले. “रक्तदाब पडला नाही, ते यंत्रावर दिसतंय. पण श्वासाचं मला कळायला हवं. अडकला होता का? घरघर होती? मालानला विचारलं तर ती म्हणते, मी मेले होते. तिच्यावर काय ठरवणार? तू सांग. जोरदार असेल तर हे औषध तिला आयुष्यात पुन्हा द्यायचं नाही. आणि दुसरं काही चालतंय का ते बघत बसायला तिच्या आतड्याला वेळ उरलेला नाही. कोपनहेगनला पाठवून काढावं लागेल.”

मी हातमोजे उतरवत राहिले.

काय आलं मनात? वाईट असं काही आलं नाही, हीच वाईट गोष्ट. छान छान आलं. मालान आणि मी तिच्या न्हाणीघरात, मी तिला दाखवतेय कात्रीनं भोक कसं कापायचं, कातडी कशी जपायची, कुठल्या स्कर्टखाली दिसत नाही. दोघी मिळून बसच्या रांगेत. दोघी मिळून पंपावर. कुणीतरी एक माणूस, ज्याला सांगावं लागत नाही. आणि आई, एकदाची, तिच्यासाठी रडताना बघेल की हे केवढं होतं. बस, हो म्हणायचं होतं. “घरघर होती.” दोन शब्द.

तोरफिन वाट बघत होते. दार नीट लागलं नव्हतं, फटीतून मालानचे पाय दिसत होते, आईनं विणलेल्या मोज्यांत.

“छाती दडपली होती,” मी म्हणाले. “घरघर नव्हती. बोलत होती सारखी. नळी बंद केल्यावर उतरलं. आधी ऍलर्जीचं औषध देऊन अगदी हळू सोडलं तर सोसेल तिला.”

“नक्की?”

“सोसेल.”

त्यांनी मान हलवली. उरलेलं औषध मी हळूहळू सोडलं. मालान झोपून गेली. मी तिच्याशेजारी बसून होते आणि मला तिचा इतका हेवा वाटत होता की दात दुखत होते.

२८ नोव्हेंबर

ती बरी आहे. मी आज कामावर गेले नाही.

१४ डिसेंबर

आईचं पार्सल याकुपनं बसमधून आणून दिलं. दर हिवाळ्यात येतं. बटाटे, रूबार्बचा मुरंबा आणि तळाशी कागदात गुंडाळलेल्या कापडी खोळी, पिशवीवर घालायच्या. चिठ्ठी नसते. झाकून ठेव, हे न बोलता सांगायची तिची रीत.

या वर्षी बाबांच्या जुन्या निळ्या सदऱ्याच्या शिवल्यात. सदरा मऊ झालाय. शिवण मात्र उलटी, बाहेरच्या बाजूला. दर वर्षीच असते. नजर उतरली आईची, आणि सांगायला कुणी धजत नाही.

२९ डिसेंबर

नाताळच्या आधी तिसरा डोस झाला, काही त्रास नाही. रक्त थांबलं. मालाननं काल आईकडे वाळवलेलं मटण खाल्लं, चांगलं ताटभर, वर सुकामेवा. मी बावीस वर्षं सुकामेवा खाल्लेला नाही, आतडं काढलेल्याला तो अडकतो. आई तिच्या ताटाकडे बघत होती, जणू मालान बोलायला शिकलीय.

“एल्स्पा, तुझ्यामुळे,” आई म्हणाली.

“औषधामुळे,” मी म्हणाले.

२ फेब्रुवारी

तोरफिननी चहाच्या खोलीत आम्हाला त्यांचा तक्ता दाखवला. पन्नासहून अधिक वर्षांचा. वीस तारखेला छापायला पाठवणार. एक रेष डाव्या कोपऱ्यात जमिनीला चिकटून निघते आणि उजवीकडे डोंगर चढल्यासारखी चढते, ती आजाऱ्यांची. दुसरी उलटी, दर शंभर आजाऱ्यांत किती जणांचं आतडं काढलं त्याची. ती मधोमध उंच आहे आणि औषध आल्यावर उतरत जाते. अगदी टोकाला ती जवळपास तळाला टेकते. तिथे मालान आहे.

मी माझं साल शोधलं. १९९२. प्रत्येक सालाखाली आकडा होता. त्या साली आतडं काढलेले तीन. मी त्या तिघांना ओळखते. एक चर्चच्या खालच्या घरातला, एक सान्दोय बेटावरची दाई, एक शाळामास्तर, जो आता नाही. तिघंच.

“ह्यात मी कुठे?” मी विचारलं. इतरांना वाटलं मी मोजणीचं काम कुणी केलं ते विचारतेय.

तोरफिननी चष्मा काढला. “तू तेव्हा शिकायला कोपनहेगनला होतीस. पत्ता तिकडे हलवलेला होतास. आजार तिकडे निघाला, शस्त्रक्रिया तिकडे झाली. नियमाप्रमाणे तू डेन्मार्कच्या मोजणीत.”

इथून शिकायला जाणारं प्रत्येक पोर पत्ता हलवतं. खोली मिळत नाही त्याशिवाय. बोटीवर चढायच्या आधी आईनंच कागद भरून माझ्या हातात दिला होता.

“डेन्मार्कच्या पन्नास लाखांत,” मी म्हणाले.

“हो,” ते म्हणाले. “तिथे तुझ्यानं रेष हलतही नसेल.”

त्यांना विनोद करायचा होता. मी कप विसळले.

मालान मोजलेली आहे. आतड्याला धक्काही न लागता, गाणी म्हणत, सुकामेवा खात ती ह्या देशाच्या आजारात आहे. मी नाही. आई म्हणाली होती, तुला झालं ते बरं झालं. तक्ता म्हणतो, तुला झालंच नाही.

१७ फेब्रुवारी

काल क्वीविकला लेंटच्या उपवासाआधीचा नाच होता. जायचं नव्हतं. मालान दारातच येऊन उभी राहिली, “कोट घाल. मी आज पुढे आहे, गाणं मी उचलणार, तू नसलीस तर कडवी विसरेन.” सहा महिन्यांनी ती नाचत होती. हातात हात अडकवून साखळी दिवाणखान्याएवढ्या त्या सभागृहात वळत होती, जमिनीला पायांचा ठेका, आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर. मी भिंतीला. कोपनहेगनहून आल्यापासून मी साखळीत शिरले नाही. दोन्ही बाजूंनी कोपरं दाबतात, पोटाला पोट लागतं.

साखळीचं टोक माझ्यासमोर आलं. टोकाला याकुप होता. त्यानं कोपर उघडलं.

“ये.”

“नको, याकुप.”

“अगं, टोकाला आहे. दाराजवळ. लागलं तर निघता येतं.”

“लागलं तर म्हणजे?”

तो साखळीबरोबर पुढे सरकत होता, त्यामुळे मला त्याच्या बाजूनं चालावं लागलं. “म्हणजे काय विचारतेस? चर्चमधलं ते टोक बावीस वर्षं कोण अडवून ठेवतंय वाटलं तुला? बापजन्मी मी सिगारेट ओढली नाही. बायको म्हणते, पंपवाला तुला गिऱ्हाईक समजून नाताळाला भेट पाठवेल एक दिवस.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? पोर गेली तेव्हा धावत होती, आली तेव्हा कोटाच्या खिशात हात घालून पोट धरून चालत होती. गाव आहे हे.” आणि त्यानं माझा हात ओढून आपल्या कोपरात अडकवला. डावीकडे तो. उजवीकडे कुणीच नव्हतं, ती बाजू त्यानं मोकळी ठेवली होती.

मी नाचले. पायांना ठेका आठवत होता.

नंतर मालान आणि मी बाहेर थंडीत पायरीवर बसलो. तिच्या अंगातून वाफा निघत होत्या.

“तुला माहीत होतं की सगळ्यांना माहीत आहे?” मी विचारलं.

“माहीत आहे हे तुला माहीत नाही, हेसुद्धा सगळ्यांना माहीत होतं.” ती हसली आणि मग हसायची थांबली. “त्या दिवशी, तोरफिननी विचारलं तेव्हा, मी ऐकत होते. तू इतका वेळ गप्प राहिलीस की मला वाटलं आता तू सांगणार, नको द्यायला.”

“मलाही वाटलं.”

 मी तिच्याकडे बघितलं नाही.

“सांगितलं असतंस,” ती म्हणाली, “तर तुझ्याकडेच आले असते ना शिकायला. निदान तू दार तरी उघडलं असतंस. तू आलीस तेव्हा मी सोळाची होते, तुझ्या खोलीत यायला बघायचे, आतून कडी. आई म्हणायची, ती सोसतेय, तिला सोसू दे, तू गा. मी बांधावर बसून गायचे. तुला ऐकू जावं म्हणून. घसा बसायचा माझा.”

मला ते गाणं खिडकीतून ऐकू यायचं. मी खिडकी लावून घ्यायचे.

“आणि मला आईनं जन्मात काही शिवलं नाही,” ती म्हणाली. “मोजे सगळ्या गावाला विणते ती. पण बाबांचा सदरा मी मागितला होता. तर नाही. एल्स्पाला लागेल. शिवण बाहेरून घालते, रात्र-रात्र उसवते आणि घालते, तुला आतून टोचू नये म्हणून. मी आजारी पडले तर आई नुसती रडली. तुझ्यासाठी ती काहीतरी करते.”

तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. मी त्यात तरबेज आहे.

१८ फेब्रुवारी

सकाळी परत यायच्या आधी आईच्या स्वयंपाकघरात मी विचारलं. इतक्या वर्षांनी. “आई, तू म्हणाली होतीस, तुला झालं ते बरं झालं, मालानला सोसलं नसतं. आठवतं?”

ती बटाटे सोलत होती. हात थांबला, पुन्हा सुरू झाला.

“म्हटलं असेन,” ती म्हणाली. पुढचा बटाटा हातात घेऊन म्हणाली, “त्या दिवशी मला कुठेतरी उभं राहायला काहीतरी हवं होतं ग.” आणि मग, “गॅस बघ, पाणी उतू जाईल.”

मी गॅस बारीक केला. बसमध्ये मी खोळ चाचपून बघितली. आतून एक धागासुद्धा लागत नाही.

हेवा गेला का? नाही. आज मालान सुकामेव्याची पुडी बसमध्ये माझ्यासमोर फोडून बसली तेव्हा तो होताच. फक्त तो आता मला एकटीला नाही, एवढं कळलंय.

२० फेब्रुवारी

तक्ता आज दुपारी जाणार. मी त्याआधी तोरफिनच्या खोलीत जाणार आहे. काय बोलायचं ते इथे लिहून बघते, तिथे अडखळले तर पाठ असावं.

तोरफिन, मला नियम माहीत आहे. माझ्यासाठी दार उघडलं तर शिकायला गेलेली सगळी पोरं आत घ्यावी लागतील, आणि मग तक्ता पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही नाही म्हणाल आणि तुमचं बरोबरच असेल. पण मी इथे जन्मले, इथल्या मटणावर वाढले, आतड्याखेरीज सगळी इथे परत आले. बसवाल्यानं मला धरलंय, चर्चच्या बाकानं धरलंय, आईच्या सुईनं धरलंय. तुमची रेष तेवढी राहिली. माझं नाव लिहू नका. खाली टीपही नको.

१९९२ मध्ये एक वाढवा.